तळमजल्याच्या दोन खोल्या

७ जानेवारी

छोटू,

पत्राच्या डोक्यावर 'औक्षवंत हो' लिहिणार होते, पण पेन थांबलं. जे माझ्याच पानात जास्त वाढलं गेलंय ते तुझ्या पानात कशाला ढकलू? तेव्हा नुसता सुखी राहा. एकोणसत्तर वर्षांच्या घोड्याला छोटू म्हणणारं माणूस जगात अजून शिल्लक आहे, हे सुखही काही थोडं नाही.

कामासाठी लिहितेय. फोनवर मला अर्धं ऐकू येत नाही, आणि उरलेलं अर्धं तू इतकं ओरडून सांगतोस की भांडतोयस असं वाटतं. त्यापेक्षा कागद बरा. तर काम असं, की माझी ती उंच पाठीची, हातांची लाकडी खुर्ची मला परत हवी आहे. दिलेली वस्तू मागू नये हे मला कळतं. पण देताना मी मरणार होते, हेही तुम्ही लक्षात घ्या.

आपल्या घराण्याची रीत तुला ठाऊक आहे. सत्तरी उलटली की सगळ्यांना बोलवायचं, वस्तू वाटायच्या आणि मोकळं व्हायचं. तुझ्या आजोबांनी भांडीकुंडी वाटली आणि महिन्याभरात शब्द पाळला. तुझ्या बापानंही पाळला. मी चौऱ्याहत्तरची असताना डॉक्टरांनी माझं हृदय तपासून तोंड पाडलं, म्हणून मीही आवराआवर केली. माझ्या मागे या खोल्या तुला, सूनबाईला खुर्ची आणि शिवणयंत्र, शेजारणीला कपाट. सगळे रडले, मीही रडले. त्याला आता सतरा वर्षं झाली. मध्ये डॉक्टर गेले, मी आहे. स्टेशनवर पोचवायला आलेल्यांना मिठ्या मारून झाल्या आणि गाडी सुटतच नाही, तशी माझी गत आहे. खिडकीतून एकमेकांकडे बघून किती वेळ हसायचं?

पलंगावरून किंवा त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठणं म्हणजे माझ्यासाठी समारंभ झालाय. त्या लाकडी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठता येतं, म्हणून हवी.

बाकी, आमचं सूतिकागृह आठवतं ना? तू कसा आठवशील, तू नुसता रडत होतास. मी नुकती सिस्टर झाले होते आणि तुला पहिल्यांदा हातात मीच धरलं. ते आता म्हाताऱ्यांचं निवासस्थान झालंय. पाळण्यांच्या जागी कठड्याचे पलंग आहेत. इथे आता मुलं होतच नाहीत आणि म्हातारी संपतच नाहीत, मग इमारत रिकामी कशाला ठेवायची?

खाली सूनबाईच्या हातच्या दोन ओळी असू देत. गेल्या तीन पत्रांत नव्हत्या.

तुझी आत्या


२२ जानेवारी

प्रिय आत्या,

दोन्ही हात जोडून नमस्कार. गुडघे टेकून केला असता, पण मग उठवायला माणूस लागेल.

खुर्चीचं म्हणशील तर ती सुताराकडे आहे. मागचा एक पाय निखळला. सुतार म्हणजे आजचं उद्यावर आणि उद्याचं देवावर. त्यापेक्षा मी तुला नवी घेऊन पाठवतो. आता गादीची मिळते, बटण दाबलं की माणसाला उभंच करते.

आमचं बरं चाललंय. मी दिवसातून एकदा खाली उतरतो आणि सामान घेऊन चार जिने चढतो. आयुष्यभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि स्वतः राहतोय बिनलिफ्टच्या घरात, चौथ्या मजल्यावर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मुलगी परदेशातून रोज फोन करते आणि 'बाबा, जपून' म्हणते. काय जपायचं ते सांगत नाही.

ही मजेत आहे. कामात होती म्हणून लिहायचं राहिलं. पुढच्या वेळी लिहील.

तुझा
छोटू


१ फेब्रुवारी

छोटू,

ती खुर्ची सागवानी आहे. तिचा पाय निखळायला हत्ती बसावा लागेल. तू लहानपणी खोटं बोलायचास तेव्हा कान लाल व्हायचे. पत्रात कान दिसत नाहीत एवढाच फरक.

मग खरं काय ते मीच लिहिते. सूनबाई माझ्यावर रागावली आहे. प्रत्येक पत्राखाली 'आत्याबाई, औषधं घ्या' असं लिहिणारी बाई पाच-सहा महिने गप्प बसते ती कामामुळे नव्हे. या खोल्यांची तुम्ही वाट पाहिलीत, आणि पाहता पाहता तुमचेच केस पांढरे झाले. मला काय दिसत नाही? डोळ्यांचं ऑपरेशन झालंय माझ्या. आता सगळं लख्ख दिसतं.

पण मी मरत नाही त्याला मी काय करू रे? मी मुद्दाम करते का? पूर्वी ऐंशीचं माणूस म्हणजे लोकांना कौतुक होतं. आया पोरांना दाखवायला आणायच्या. आता मी बसमध्ये चढले तर कोणी उठून जागा देत नाही, कारण बसलेली सगळी माझ्यासारखीच. गेल्या आठवड्यात माझ्या मैत्रिणीची मुलगी गेली. मैत्रीण जाऊन जमाना झाला, आता तिची मुलगी म्हातारी होऊन गेली. अंत्ययात्रेत लोक माझ्याकडे असे बघत होते, की जणू मी रांग मोडून मागे राहिलेय.

खुर्ची नको मला. पण मनात काय आहे ते सरळ सांगा. माझ्याशी खोटं बोलू नका. माझं फक्त तुमच्याशीच बोलणं होतं.

आत्या


१९ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र हिला वाचून दाखवलं. ती रडली. मग मलाच ओरडली, म्हणजे ओरडल्यासारखं केलं, कारण शब्द अजून नीट फुटत नाहीत. तिचं म्हणणं, सगळं सांगून टाक.

गेल्या ऑगस्टमध्ये हिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, म्हणून तुला ओळी येत नाहीत. पाय थोडा परत आला आहे. धरून घरातल्या घरात चालते, पण जिना नाही. दवाखान्यातून तिला स्ट्रेचरवर वर आणलं, त्यानंतर ती खाली उतरलेली नाही. दिवसभर खिडकीत बसते, आणि बसते ती तुझ्या खुर्चीत. दुसऱ्या कुठल्याही खुर्चीतून मला तिला उठवता येत नाही. सुताराचं खोटं होतं.

तुला कळवलं नाही, कारण कळल्या दिवशी तू घर रिकामं करून दिलं असतंस. मी ओळखतो तुला.

तू विचारलंस म्हणून हेही लिहितो. वाट पाहिली आम्ही. तू खोल्या दिल्यास तेव्हा मी बावन्नचा होतो. अंगणात कुंड्या कुठे ठेवायच्या यावर आम्ही दोघं भांडलोसुद्धा. मग तू बरी झालीस. आम्हाला आनंद झाला, आणि त्या आनंदात एक बारीक काटा होता. तो आम्ही एकमेकांनाही दाखवला नाही. पुढे पुढे विसरून गेलो. आता ही खिडकीतून खालच्या रस्त्याकडे बघते तेव्हा आठवतो.

रागावलीस तर रागाव. पण पत्र पाठव.

छोटू


२८ मार्च

छोटू, सूनबाई,

उशीर झाला. घर बदलण्याच्या गडबडीत होते.

घराची किल्ली शेजारच्या शिंप्याकडे ठेवली आहे. मी आता आमच्या जुन्या सूतिकागृहात राहायला आले. दचकू नका. नोकरीत असताना याच खोलीत रात्रपाळ्या केल्यात मी, तेव्हा झोपायची परवानगी नव्हती, आता जागायची नाही. मजा आहे. सगळ्या पासष्ट ते ऐंशीच्या पोरी आहेत. पत्ते खेळतात, चोरून गोड खातात आणि एकमेकींच्या गोळ्या ढापतात. माझ्या शेजारच्या पलंगावरची तर माझ्याच हातची निघाली! जन्मतारीख सांगितली, आईचं वर्णन केलं, आणि मला लख्ख आठवलं. मी तिला जगात आणली तेव्हाही तिच्या तोंडात दात नव्हते, आताही नाहीत. मध्ये काय झालं ते ती रोज सांगते.

तेव्हा माझी काळजी सोडा आणि बाडबिस्तरा आवरून या. उंबऱ्यापाशी एकच पायरी आहे, तिला शिंपी फळी लावून देणार आहे. अंगणात सकाळचं ऊन येतं.

मी एक पिशवी घेऊन निघाले, बाकी सगळं तिथेच आहे. आतल्या खोलीत माझा पलंग आहे तसा ठेवलाय. अरुंद आहे, जागा फारशी खात नाही. असू द्या, वाटलं तर. इथे पहिला महिना चाचणीचा असतो. त्या मुदतीत माणसाला परत जायचं तर जाता येतं. पण मी कशाला जाते!

सूनबाई, हाताला तेल लाव आणि बोटं रोज उलगडत जा. कंटाळा केलास तर येऊन कान पिरगाळीन.

आत्या


१७ एप्रिल

प्रिय आत्या,

हे पत्र तुझ्या घरातून लिहितोय. अजून 'आमच्या' असं लिहायला हात धजत नाही.

मुलगी आठ दिवसांची रजा काढून आली आणि तिनं सगळं हलवलं. हिला तुझ्याच खुर्चीत बसवून चार हमालांनी चार जिने उतरवलं. मी पुढे पुढे 'सांभाळा, सांभाळा' करत होतो, तर त्यातला एक म्हणाला, 'काका, तुम्हीच बाजूला व्हा, नाहीतर तुम्हालाही उचलावं लागेल.' खाली रस्त्यावर आल्यावर हिनं वर आपल्या खिडकीकडे पाहिलं आणि डावा हात हलवला. तिथे कोणी नव्हतं. पण आठ महिने तिथून रस्ता पाहिला होता ना.

आता रोज सकाळी अंगणात बसते. काल भिंतीला धरून फाटकापर्यंत गेली. तुझे उपकार कसे फेडू?

आतल्या खोलीत हिचे व्यायामाचे कठडे बसवले. पलंग तिथे मावेना, म्हणून शिंप्याला दिला. त्यानं आनंदानं नेला.

ही म्हणत होती, आत्याबाईंना परत बोलवा. मी म्हटलं, अगं, इतक्या वर्षांनी तिला सोबत मिळाली आहे, हसतेय, खेळतेय, तिला कशाला ओढायचं? तुझा चाचणीचा महिनाही आता संपतच आला असेल. तू तिथलीच झालीस म्हणायची. तुझ्या पत्रातून तुझा आनंद दिसतो, आणि आमच्या मनावरचं ओझं उतरतं.

येत्या रविवारी भेटायला येतो. बसनं अर्ध्या तासाचा तर रस्ता.

तुझा
छोटू


६ मे

छोटू,

आला नाहीस. ऊन फार होतं, बरं केलंस. पुढच्या रविवारी ये. त्याच्या पुढच्याही चालेल, मी कुठे जातेय!

शेजारच्या पलंगावरची गेली. रात्री गोष्ट अर्धी ठेवून झोपली. मला आता तिचं लग्न मोडेपर्यंतचंच माहीत आहे, पुढे काय झालं ते कोणाला विचारू? पलंग दोन दिवस रिकामा होता. नवीन आलेली माझ्याशी बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून असते. पत्ते खेळणाऱ्या दुसऱ्या मजल्यावर असतात. मला तो जिना जमत नाही.

शिंप्याला पलंग दिलास ते बरं केलंस.

आत्या


१२ मे

आत्या,

वाईट वाटलं. येणारच होतो, पण हिला अंघोळीला उठवताना पाठीत उसण भरली. चार दिवस आडवा होतो. शिंप्याची बायको येऊन दोघांचं करून गेली. आता उभा आहे, पण वाकता येत नाही. बरं वाटलं की येतो.

छोटू


२ जून

छोटू,

परवा मी येऊन गेले. तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण न लिहिलं तर आपण दोघंही जन्मभर मी आलेच नाही असं वागू. आणि माझ्या जन्माचा काही भरवसा नाही, तो कितीही लांबेल.

फाटकापाशी पोचले तेव्हा सूनबाई अंगणात बसली होती. तिचा चेहरा उन्हानं चांगला रापलाय. तू तिला उठवत होतास, दोन्ही दंड धरून ओढत होतास. दोनदा जमलं नाही. तिसऱ्यांदा ती उभी राहिली, आणि तू भिंतीला हात टेकून डोळे मिटलेस. मग दोघं आत गेलात. मी फाटकाची कडी काढली, तेवढ्यात तू खिडकीशी आलास. आपली नजरानजर झाली. मी हात वर केला. तू बाजूला झालास.

मी थांबले. म्हटलं, दार उघडायला येत असेल, गुडघ्यांमुळे वेळ लागतो. मग कडी परत लावली आणि निघाले. बसमध्ये रडू आवरेना. शेजारच्या बाईनं विचारलं, 'कोणी गेलं का हो?' म्हटलं, नाही हो बाई, तोच तर घोटाळा आहे.

मी कशासाठी आले होते ते तू ओळखलंस. चाचणीच्या महिन्याचं मी उगाच लिहिलं नव्हतं. पलंगाचंही नाही. तू एकदा 'आत्या, राहा' म्हणावंस म्हणून मी ते सगळं हसतखेळत लिहिलं, आणि तू हसतखेळत वाचलंस. मला वाटतं, तुला तेव्हाही कळलं होतं. 'राहा' म्हणाला असतास तर मी एका पायावर आले असते, दुसरा नाहीतरी कामाचा नाही.

पण मी खिडकीत तुझं तोंड पाहिलं छोटू. त्यात राग नव्हता, नकोसेपणाही नव्हता. तू घाबरला होतास. दार उघडलंस की 'ये' म्हणावं लागणार, आणि 'ये'च्या मागून 'राहा'. आणि मी राहिले की आज एकीला उचलतोस, उद्या दोघींना, आणि परवा तुला कोण उचलणार? पूर्वी घरात एक म्हातारं असायचं आणि त्याला धरायला दहा हात. आता तीन म्हातारी, आणि धरायला तुझेच दोन, तेही थरथरतात. यात तुझं काय चुकलं? माझंही काही चुकलेलं नाही. आपण सगळे नुसते जगलोय.

हे सगळं मला समजतं. समजलं म्हणून दुखायचं राहत नाही. मला फार लागलं. आयुष्यात कोणाच्या दारातून मी अशी परतले नव्हते.

आता कामाचं ऐक. तिला दंड धरून ओढू नकोस, तिचा खांदा निखळेल आणि तुझी पाठ जाईल. आधी तिला खुर्चीच्या काठापर्यंत पुढे सरकव. तिचे पाय मागे घे. तुझा एक पाय तिच्या दोन पायांच्या मध्ये रोव, गुडघे वाकव, आणि कमरेला धर. मग तिला पुढे झुकू दे. माणूस वर ओढून उठत नाही, पुढे झुकलं की आपोआप उठतं. आम्ही नव्या सिस्टरांना हे पहिल्या दिवशी शिकवायचो. चार दिवस जमणार नाही, मग जमेल. सूनबाईला सांग, घाबरून मागे रेलायचं नाही.

मी पुन्हा तिकडे येणार नाही. ती भीती काढून टाक आणि खिडकीशी खुशाल उभा राहत जा. पण तू मात्र ये. राहायचं काढणार नाही मी, नुसतं बसू.

इथे रविवारी भेटीची वेळ दुपारनंतर असते. मी जेवण झालं की लगेच खालच्या बाकावर जाऊन बसते. दारावरचा माणूस सारखा विचारतो, 'आजी, तुमचं कोणी यायचंय का?' मी म्हणते, भाचा यायचाय. म्हातारा आहे, त्याला जरा वेळ लागतो.

आत्या